पाणी उतरायची वाट

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून पुसलं. पण डोक्यातून जाईना.

धरणात उभ्या केलेल्या मापपट्ट्यांवर रोज सकाळी पाण्याची पातळी बघायची आणि धक्क्यावरच्या फळ्यावर लिहायची, हे माझं काम. पाणी लाल रेघेखाली गेलं की बोटिंग बंद. त्यामुळे पातळी उतरली की सगळ्यांची तोंडं उतरायची. माझं नाही. मी मनातल्या मनात म्हणायचो, अजून उतर.

कारण तळाशी काड्याची नाव होती. काड्या माझा जिवाभावाचा दोस्त. गेल्या हंगामात नाव बुडाली, त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला. शुद्धीवर आल्यावर काड्या पहिलं वाक्य बोलला, "लाँचवाल्यानं धडक दिली." लाँचवाला म्हणाला, जवळून गेलो, पण शिवलोसुद्धा नाही. बघणारं कोणी नव्हतं. पाणबुड्यांनी भावाला काढलं. गाळात रुतलेल्या नावेला कोणी हात लावला नाही. तिच्या कुशीला भोक असणार, पाणी उतरलं की दिसणार. आम्ही दोघं त्या भोकावर जगत होतो.

"काय पट्टीवाले," लाँचवाला रोज फळ्यापाशी येऊन विचारायचा, "आज किती घटवलंत?"

"उतरतंय, शेठ. सगळं वर येईल आता."

तो हसायचा. ते हसणं मला दिवसभर नखात शिरलेल्या कुसळासारखं सलायचं.

परवा शेवटच्या पट्टीपाशी गेलो. वळणापलीकडे आहे ती, धक्क्यावरून दिसत नाही. नावेची कड पाण्याबाहेर आली होती. सापडलास शेठ, म्हटलं. कमरेइतक्या पाण्यात उतरलो. डावी बाजू चाचपली, मग उजवी. शेवाळ खरवडून पुन्हा चाचपली.

ओरखडासुद्धा नव्हता.

मग आत हात घातला. नावेच्या तळाला एक भोक असतंच. काठावर ओढली की साचलेलं पाणी जावं म्हणून त्याचं बूच काढतात, पाण्यात ढकलायच्या आधी घट्ट बसवतात. भोक उघडं होतं. बूच मात्र बसायच्या फळीला दोरीनं बांधलेलं, तसंच लोंबत होतं. गाठ काड्याची. दुसऱ्या कोणाला ती येतच नाही.

मग बूच तोडून खिशात टाकलं आणि खांदा लावून नाव खोल बाजूला रेटली. गाळ सुटला. थोडे बुडबुडे आले, थांबले.

धक्क्यावर लाँचवाला होताच. "काय पट्टीवाले, आलं का वर सगळं?"

"नाही," मी फळ्याकडे तोंड करून म्हणालो. वाटलं होतं, आता त्याचा राग येणार नाही. आला. फक्त तो कुठे ठेवायचा ते कळेना.

संध्याकाळी काड्या येऊन शेजारी बसला. अंगात भावाचा शर्ट, खांद्यात तोकडा.

"किती?"

"वीतभर उतरलं."

"दिसली?"

बूच मांडीला टोचत होतं. "नाही रे."

"दिसली की आधी मला सांग. पोलिसांना नंतर. त्याची कॉलर धरून मी स्वतः त्याला तिथं नेणार. काय?"

"आधी तुलाच सांगेन," मी म्हणालो. "शब्द देतो."