क्रीमने लिहिलेलं अक्षर

साहेब, पाटी वाचूनही ओल्या बाकावर बसलात तुम्ही आणि हॉस्पिटलातून हाकललंत मला! हा कुठला न्याय?

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे, म्हणजे कॉम्प्युटरातल्या अक्षरांचं एक घराणं. माझे काही भाऊबंद कडक इस्त्रीचे. मी मात्र हाताने लिहिल्यासारखा, ऐसपैस. माझा जन्म केकच्या दुकानातला. तिथल्या मावशी केकवर क्रीमने नावं लिहायच्या. त्यांच्या भाचीला ते वळण फार आवडायचं. त्याचा फॉन्ट करायला तिने त्यांच्या हातात पेन दिलं, तर अक्षर आखडलं.

"मावशी, नेहमीसारखं लिही ना!"

"अगं, पेन धरलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

मग मावशींनी केकच्या ट्रेमध्येच क्रीमने एकेक अक्षर काढलं. भाचीने फोटो घेतले आणि दोघींनी मिळून मला खाऊन टाकलं! ळ तर फोटोआधीच भाचीच्या पोटात गेला. "हावरट कुठली!" म्हणत मावशींनी दुसरा काढला. म्हणून माझा ळ अजून गाल फुगवून बसलेला दिसतो. माझी शिरोरेषा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी मध्ये झोल खाते. माझा क तीन तऱ्हांचा आहे, कारण हात दोनदा अगदी सारखं कधी लिहितो का?

आमंत्रणं, बरण्यांवरची लेबलं, वाढदिवसाची कार्डं, सगळीकडे मी मिरवलो. पण औषधाच्या बाटलीवर मला घालू नका. बारीक केलं की माझा गिचमिड काला होतो आणि पानभर वाचलं तर डोळे दुखतात. चार शब्द द्या, मग बघा गंमत!

मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरांना हे बरोबर कळलं. एक्स-रेच्या दारावर त्यांनी मला लावलं: 'ये, आत फक्त फोटो काढतात.' रडत आलेली मुलं ते वाचायची, डोळे पुसायची आणि केस नीट करून आत जायची. याहून मोठं बक्षीस मला कुणी दिलेलं नाही.

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनाही मी आवडलो. बाकांना हिरवा रंग दिला, तेव्हा ते म्हणाले, "हेच गोड अक्षर लावा."

"साहेब, या अक्षरातली ताकीद कुणी मनावर घेत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मला शिकवू नका!"

मग मी लिहिलं, 'रंग ओला आहे, बसू नका.' पण माझ्या तोंडून ते 'या, बसा ना' असंच वाटलं. पहिले बसले साहेब. पांढऱ्या पँटवर हिरवे पट्टे! हात मोडलेली एक चिमुरडी ओरडली, "साहेब, तुमचं कलिंगड झालं!" प्लास्टरमधले पायसुद्धा हसून हलले.

त्याच दिवशी माझ्या सगळ्या पाट्या उतरल्या. सिस्टरांच्या कॉम्प्युटरात तेवढा मी उरलोय आणि तिथून ते दार दिसतं. आता त्यावर ताठ अक्षरांत आहे: 'क्ष-किरण विभाग. विनापरवानगी प्रवेश निषिद्ध.'

मित्रांनो, प्रत्येक अक्षराला त्याच्या जोगतं काम द्या. मग ते कुणाला फसवत नाही, की घाबरवत नाही.

आज ती कलिंगडवाली पुन्हा एक्स-रेला आली आहे. चांगल्या हाताने चौकट घट्ट धरून उभी आहे.

"आत काय करतात?"

"फोटो काढतात, बाळा," सिस्टर म्हणाल्या.

"मग तसं का नाही लिहिलं?"

साहेब, ती अजून दाराबाहेरच आहे. तिला उत्तर द्या!