कोकिळाबाईंचं निगेटिव्ह

"एकादशी झाली ना मॅडम काल? मग आज बोलायला हरकत नाही," असं म्हणत मुख्याध्यापक गिरधर सर शिक्षकखोलीत आले आणि कोकिळाबाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

कोकिळाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सर असे गोड बोलत समोर येऊन बसले की काहीतरी गळ्यात पडणार, हे त्यांना माहीत होतं. एका वर्षी वृक्षारोपण पडलं होतं, एका वर्षी पोषण आहाराची देखरेख. शेजारी वह्या तपासत बसलेल्या मंदाबाईंनी मान वर न करताच म्हटलं, "घ्या. आला तुमचा चातुर्मास."

साऱ्या शिरपुरात नसला तरी शाळेत हा नेम सगळ्यांना ठाऊक होता. चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. कोकिळाबाई 'नाही' सोडत. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. 'नको' नाही, 'नव्हे' नाही. भाजीवालीला त्या "उद्या घेईन" म्हणत. घरात साखर संपली की "आणायला झाली" म्हणत. वर्गात कुणाचं उत्तर चुकलं की "जवळ आलास, अजून थोडं पुढे ये" म्हणत, आणि पोरं खरंच पुढे येत.

हा नेम सासूबाईंनी लावून दिलेला. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या सुनेने मी काय सोडू म्हणून विचारलं, तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या होत्या, "वांगं मी सोडेल शे. तू जिभवरनं काहीतरी सोड." खान्देशात राहून चार महिने भरताशिवाय काढणाऱ्या बाईपुढे लहान काही सोडायची सुनेला लाज वाटली. तिने 'नाही' सोडलं. शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी नुकतीच लागलेली. इंग्रजीतलं चालत असेल, असं तिने गृहीत धरलं होतं. पण सुगंधाबाई हुशार.

"विंग्रजीमा नही ले काय म्हणतस?"

"नो म्हणतात. नॉट म्हणतात."

"मंग तेबी सोड. देवले बठ्ठ्या भाषा समजतस."

झालं. तेव्हापासून दहावीच्या इंग्रजीतला तो एक भाग, होकारार्थी वाक्य अर्थ न बदलता नकारार्थी करण्याचा, कोकिळाबाई तुळशीच्या लग्नानंतर घेत आल्या. पोरांनी त्याचीही गंमत करून ठेवली होती. 'बाईंच्या निगेटिव्हला कार्तिकी लागते,' असं जुनी मुलं नव्यांना सांगत.

"मॅडम, हे तुमचं शेवटचं वर्ष," गिरधर सर म्हणाले. "मे महिन्यात तुम्ही मोकळ्या. आता दहावीचा ताप कशाला? इंग्रजी आपण नवीन सरांना देऊ. तुम्ही पाचवी घ्या. लहान लेकरं, एबीसीडी, गाणी. आराम."

नवीन सर खिडकीजवळ उभे होते. संस्थेच्या सचिवांचे भाचे. नाव नवीन, पण शाळेत दोन वर्षांपासून गणित शिकवत होते; पोरगा सरळ होता. त्यांनी मान खाली घातली.

कोकिळाबाईंच्या जिभेवर एक शब्द आला. तो त्यांनी गिळला. डब्याचं लावलेलं झाकण पुन्हा दाबलं.

सरांनी जरा वाट पाहिली आणि उठले. "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, म्हणजे तुमची संमती. सोमवारी नवं वेळापत्रक लावतो."

ते गेल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "कोकिळाताई, हे एकादशीच्या आदल्या दिवशी विचारायचं धाडस झालं नसतं त्यांना. मुद्दाम थांबले. तुमच्या देवाच्या आडून वार करतात हो हे लोक!"

आजवर जे जे गळ्यात पडलं, ते त्यांनी देवाची सेवा म्हणून केलं होतं. लावलेली झाडं मोठी झाली होती. पण दहावी? सातपुड्याच्या पाड्यांवरून उतरून वसतिगृहात राहणारी पोरं. घरची बोली एक, बाजारातली अहिराणी दुसरी, शाळेतली मराठी तिसरी, आणि या सगळ्यांवर इंग्रजी. ती पोरं जूनमध्ये नजर चुकवत बसत आणि मार्चमध्ये ताठ मानेने पेपरला जात. त्या दोन्हींच्या मधला रस्ता कोकिळाबाईंनी आयुष्यभर तुडवला होता. शेवटच्या खेपेला अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं?

संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लावला, तरी मन लागेना. एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान झुलालराव ओट्यावर बसले होते. बायकोकडून सगळं ऐकून ते वैतागले.

"अगं, मोडून टाक ना नेम! एक शब्द तर बोलायचाय. देव काय शाळेत येऊन बसलाय का मोजायला?"

"मोडला तर उद्यापासून दिवा कोणत्या तोंडाने लावू?"

"मग घे पाचवी. म्हण ए फॉर ॲपल."

आत शेंगा फोडत बसलेल्या सुगंधाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. आता त्यांना ऐकायला कमी येत असलं, तरी हव्या त्या गोष्टी नीट ऐकू येत.

"नेम कसाले मोडस तू?" त्या सुनेला म्हणाल्या. "तुले काय नको ते कोन इचारस? तुले काय जोयजे ते सांग ना."

कोकिळाबाई सुपाजवळ येऊन बसल्या.

"देवनी तुना तोंडले कुलूप लायं का? एक शब्द सोडेल शे, बठ्ठं बोलनं नही सोडेल," सुगंधाबाईंनी पुन्हा सूप ओढलं. "इतला वरीस दुसरासना कामं करी करी तुले त्यानाच इसर पडना."

झुलालराव हसले. "घे. तुझ्या मुख्याध्यापकापेक्षा माझी माय भारी."

कोकिळाबाई हसल्या नाहीत. पण रात्रीच्या भाकरी त्यांनी त्या दिवशी फार सुरेख थापल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपताच त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. उभ्यानेच बोलल्या. आवाज नेहमीचाच, हळू.

"सर, दहावीचं इंग्रजी मार्चपर्यंत मी शिकवीन. हा वर्ग माझा आहे."

गिरधर सरांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत कोकिळाबाईंनी 'माझा' म्हटलेलं त्यांनी प्रथमच ऐकलं असावं. मग त्यांनी ठेवणीतलं कारण बाहेर काढलं.

"पण मॅडम, पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीआधी आहे. यंदा त्यात निगेटिव्ह विचारणार आहोत. तुमचं निगेटिव्ह तर कार्तिकीनंतर. नेम तुमचा, नुकसान पोरांचं. हे मी संस्थेला कसं पटवू?"

हे मात्र खरं होतं. कोकिळाबाईंना ते झोंबलं, कारण पोरांचं नुकसान हा शब्द त्यांना कधी कुणी ऐकवला नव्हता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"उद्या घेते. तिसऱ्या तासाला. तुम्ही बसायला या. नवीन सरांनाही घेऊन या."

"नेम सोडताय?"

"नेम पाळून घेते."

बातमी दहावीत पोहोचायला मधली सुट्टीही लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती म्हटलं तरी चालेल. गिरधर सर शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले, शेजारी नवीन सर. दारातून मंदाबाई डोकावत होत्या. त्यांचा तास रिकामा होता की त्यांनी रिकामा केला, देव जाणे.

कोकिळाबाईंनी फळा पुसला, खडू उचलला, डोळे मिटून गणपतीचं नाव घेतलं. माहेर एरंडोलचं, पद्मालयाचा गणपती त्यांच्या प्रत्येक तासाच्या सुरुवातीला येऊन जात असे.

"आज काम वाटून घेऊ," त्या म्हणाल्या. "सरळ वाक्य मी देईन. उलटं तुम्ही कराल. अर्थ जसाच्या तसा राहिला पाहिजे. घागर डोक्यावरून काखेत घ्या, पाणी तेवढंच हवं."

पाड्यावरच्या मुलींना घागर लगेच कळली.

त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि वाचलं, "भूपेंद्र इज ऑलवेज लेट."

वर्ग फुटला. भूपेंद्र नरडाण्याहून मामाकडे शिकायला आलेला, उंच, झोपाळू मुलगा. त्याच्या पुढचा ललित तडक उठला. "भूपेंद्र इज नॉट ऑलवेज लेट!"

"जवळ आलास," कोकिळाबाई म्हणाल्या. "पण पाणी सांडलं. तुझ्या वाक्यात भूपेंद्र कधीकधी वेळेवर येतो. त्यालाच विचार, येतो का?"

"नाही!" साऱ्या वर्गाने एका सुरात सांगितलं.

भूपेंद्र कान खाजवत उभा राहिला. "बाई, मीच करू का? माझंच आहे म्हणून." मग छाती पुढे काढून म्हणाला, "भूपेंद्र इज नेव्हर ऑन टाइम!"

"शाब्बास! आजपासून हे वाक्य खोटं कर."

"येवढं खरं आहे बाई, राहू द्या ना," तो म्हणाला आणि मागे बसलेले गिरधर सरही हसले.

पुढची वाक्यं भराभर आली. खडू बाईंचा सरळ चालायचा आणि नकार पोरांच्या तोंडून यायचा. कुणी 'नॉट' घालून अर्थ सांडून टाकी, मग दुसरं कुणी ते सावरून घेई. आजवर तुळशीच्या लग्नानंतर या तासाला बाई बोलत आणि पोरं लिहून घेत. आज बाई थांबत आणि पोरं एकमेकांशी भांडत. कोकिळाबाईंच्या मनात आलं, नेम इतकी वर्षं या पोरांसाठीच ठेवला होता की काय देवाने. मलाच उशिरा कळलं.

"ओन्ली माय मदर नोज धिस," त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या बाकावरची कामिनी उठली. पाड्यावरची, जूनमध्ये स्वतःचं नाव सांगतानाही हुंदका येणारी. "नन बट..." म्हणून ती थांबली. "नन बट माय मदर नोज धिस," तिने सगळं एका दमात म्हटलं आणि बसायचं विसरून उभीच राहिली.

मागे नवीन सरांचा हात नकळत टाळीसाठी उचलला गेला होता. शेजारी गिरधर सर आहेत हे आठवून त्यांनी तो खाली घेतला.

तास संपत आला. फळ्याच्या खालच्या अंगाला थोडी जागा उरली होती. कोकिळाबाईंनी तिथे ठळक अक्षरात शेवटचं वाक्य लिहिलं आणि वळून वाचलं. हळूच वाचलं, पण मागपर्यंत ऐकू गेलं.

"आय विल बी युवर टीचर टिल मार्च."

कुणी हसलं नाही. बातमी सगळ्यांना होती. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, काहींनी मागे वळून पाहिलं.

उभी असलेली कामिनीच बोलली. "यू विल नॉट लीव्ह अस बिफोर मार्च."

"सगळ्यांनी," कोकिळाबाई म्हणाल्या.

"यू विल नॉट लीव्ह अस बिफोर मार्च!"

"मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचू दे."

पोरांनी पोहोचवलं. भूपेंद्रने तर बाकावर मूठही आपटली. शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून दारात आले, त्यांना मंदाबाईंनी ओठांवर बोट ठेवून थांबवलं.

घंटा झाली. गिरधर सर बाकातून कसेबसे सुटले, शर्ट नीट केला आणि पुढे आले. फळ्याकडे पाहत राहिले. रागावलेत की काय, पोरांना कळेना.

"सोमवारचं वेळापत्रक जुनंच राहील," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मॅडम, मी एकादशीनंतर आलो, ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं, सर."

सर दाराकडे वळले. जाता जाता तिथल्या मंदाबाईंना म्हणाले, "तुमचा तास नाही का?"

नवीन सर मागेच घोटाळत होते. पोरं पाणी प्यायला पांगल्यावर पुढे आले. "मॅडम, रागावू नका. हे मामांच्या डोक्यातलं होतं. पण मला... तुमच्या तासाला रोज येऊन बसू का? मागे बसेन."

"पुढे बसा. कामिनीच्या बाकाशेजारी जागा आहे," कोकिळाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी ही पोरं गेली तरी त्यांची भावंडं येतील. ती तुमची."

बोलून गेल्यावर त्यांना जाणवलं, पुढच्या आषाढात नेम असेल, दिवा असेल, सासूबाईंचं वांगं सुटलेलं असेल. पण एकादशीच्या दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून समोर बसायला कुणी यायचं नाही.

वर्ग सोडताना फळा स्वच्छ करून जायचा, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची रीत. सवयीने त्यांनी डस्टर उचललं. पुढचा तास नवीन सरांचा गणिताचा होता.

"द्या मॅडम, मी पुसतो," ते म्हणाले.

कोकिळाबाईंनी फळ्याकडे एकदा पाहिलं.

"राहू द्या आज."

त्या डस्टर हातात घेऊनच बाहेर पडल्या. व्हरांड्याच्या टोकाशी पोहोचल्यावर वळून पाहिलं, तर खिडकीतून दिसत होतं: नवीन सरांनी कोपऱ्यातल्या उरलेल्या पट्टीत उभी रेघ मारली होती आणि तेवढ्या चिंचोळ्या जागेत, अंग चोरून, बारीक अक्षरात ते गणित मांडत होते.