एकोणीसचा पाना

अकरा वर्षं तिने तो जुना ट्रॅक्टर चालवला होता, आणि अकरा वर्षांत कुणाच्या कुंपणाची तारसुद्धा वाकवली नव्हती. पण बुधवारी उतारावर ट्रॉली चारीत गेली, आणि आपल्या घरातला ट्रॅक्टर एक बाई चालवते याचा साक्षात्कार घरातल्या सगळ्यांना एकदम झाला.

साक्षात्कार घडवून आणला तो धाकट्या दिराने. घरातली यंत्रं म्हणजे त्याचं राज्य. पंपापासून मिक्सरपर्यंत काहीही बिघडलं की सासूबाई त्यालाच हाक मारायच्या, आणि तोही पाना हातात घेऊन राजासारखा यायचा. शुक्रवारी जेवताना त्याने निकाल दिला. "वहिनी स्टिअरिंगशी कुस्ती खेळतात. जुनं मशीन आहे, असे हिसके मारल्यावर आटे जाणारच की!" सासूबाईंनी मान डोलावली. नवरा कारखान्यात पाळीवर होता. त्याने फोनवर "बघू आपण" म्हणून दोन्ही डगरींवर हात ठेवला. ठरलं ते असं, की रविवारपासून ट्रॅक्टर दीर चालवणार आणि तिने घरातलं बघायचं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उतारावर नेमकं काय झालं, हे कुणी विचारलं तरी होतं का? तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, तर त्याबरोबर खालचा अख्खा स्टिअरिंग बॉक्सच उचलला गेला. पुढची चाकं सरळच्या सरळ. मागून खताची चाळीस पोती ढकलत होती. दोन्ही ब्रेकवर ती अक्षरशः उभी राहिली, म्हणून ट्रॉली चारीत तिरकी होऊन थांबली, नाहीतर पुढे पुलाचा कठडा होता. हनुवटीला चार टाके पडले. आणि वर हे ऐकून घ्यायचं! आयुष्यभर चूल आणि उंबरठा बघायला तिची ना नव्हती, पण असं खापर डोक्यावर फोडून घेऊन नाही.

शनिवारी सकाळी ती शेडमध्ये शिरली आणि बॉक्स उतरवायला घेतला. तो चार बोल्टांवर बसतो. महिन्यापूर्वी तेल गळत होतं म्हणून दिरानेच तो खोलून पुन्हा बसवला होता. तीन बोल्ट नवे, चकचकीत. चौथा जुना, काळा पडलेला. चौघांनाही एकोणीसचाच पाना लागला. काळ्याने चांगला घाम काढला. चकचकीत तिघे मात्र तिने दोन बोटांनी उपटले, मऊ मातीतली गाजरं उपटावीत तसे. त्यांच्या आट्यांत राखाडी चुरा भरला होता. तो बोल्टाचा नव्हता, भोकाचा होता. भोकातले आटे किसून निघाले होते. एकटा म्हातारा चौथा बोल्ट बॉक्स धरून राहिला, म्हणून ती आज हा चुरा बोटांवर चोळून बघत होती.

बोल्ट फडक्यात बांधून ती खरादीकडे गेली. लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. शब्दही मोजून मापून बोलायचा. त्याने एक नवा आणि एक जुना बोल्ट एकमेकांना टेकवून खिडकीकडे धरले. पहिले दोन आटे एकमेकांत नीट बसले, पण तिसऱ्यापासून मध्ये उजेडाची फट पडत गेली.

"हा काळा अर्ध्या इंचाचा," तो म्हणाला. "हे नवे बारा एमएमचे. डोकं सारखंच, पानाही तोच लागतो. आटे वेगळे. तीन फेरे सुखाने आत जातो, मग अडतो. अडला की माणसाला वाटतं, घट्ट झाला. मग पान्याला पाइप लावायचा आणि द्यायचा हिसका. झाली भोकाची वाट."

"पण हे कळायचं कसं?"

"बोटांनी. बरोबर मापाचा बोल्ट पान्याशिवाय तळापर्यंत जातो." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "हे सगळं सांगितलंय मी तुमच्या दिराला. गुरुवारी आला होता की, यातलाच एक घेऊन."

"गुरुवारी?"

"गुरुवारीच. लेथ बंद होतं माझं, म्हणून तर एवढं बोलत बसलो."

म्हणजे गुरुवारी ह्याला सगळं कळलं होतं. काढलेला बोल्ट ह्याने जाऊन पुन्हा त्याच भोकात खुपसून ठेवला होता. आणि शुक्रवारी भाकरी मोडता मोडता, तोंड वर करून, कुस्ती म्हणाला होता! तिला इतका संताप आला की हनुवटीचे टाके ताणले गेले. खरादीकडून ड्रिल, टॅप, भोक पाडलेली जाड लोखंडी पट्टी, तारेची वेटोळी आणि अर्ध्या इंचाचे तीन बोल्ट घेऊन ती निघाली, आणि वाटेत तिने स्वतःशीच दहा भांडणं केली.

घरी येऊन तिने दुरुस्ती केलीच नाही. बॉक्स जागेवर ठेवला, तेच तीन बोल्ट तसेच खुपसले, चौथा आवळला आणि सासूबाईंना आणि दिराला अंगणात बोलावलं.

"भाऊजी, बसवलाय बॉक्स. तुमचेच बोल्ट, तुमच्यासारखेच बसवलेत. खोट माझ्या हातात आहे ना? मग बसा वर. ट्रॉली जोडते, भरून देते. उतारावरून एक फेरी मारून या."

"आत्ता? रविवारी बघू की."

"एका दिवसाने काय फरक पडतो?"

"अरे, बस की," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "दाखव तिला एकदा, कसं चालवतात ते."

त्याने एक पाय पायरीवर ठेवला. स्टिअरिंगला हात लावला, तसा खाली बॉक्स किंचित हलला. पाय पुन्हा खाली आला.

"आई, नको."

"का रे?"

त्याने हात पँटला पुसले. ती पुढे झाली.

"सांगा ना त्यांना. का नको?"

"बोल्ट धरत नाहीत," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"कधीपासून माहीत आहे?"

"गुरुवारपासून." मग भराभर बोलायला लागला. "घाबरलो होतो हो वहिनी. तुम्हाला काही झालं असतं तर... रविवारच्या आत गुपचूप नीट करून टाकणार होतो. शपथ."

"आणि मला गुपचूप घरात बसवणार होतात."

सासूबाई तोंडाला पदर लावून ओट्यावर बसल्या. तिने चकचकीत बोल्ट काढून दिरापुढे टाकले, बॉक्स उतरवला आणि ती कामाला लागली. जाड पट्टी भोकावर बांधली, म्हणजे ड्रिल वाकडं जाणार नाही. भोक मोठं केलं, टॅपने नवे आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मग तारेचं वेटोळं आत फिरवलं, त्याचं टोक तोडलं. वेटोळ्याचेच आतून आटे झाले आणि भोक पुन्हा अर्ध्या इंचाचं झालं. अशी तीन.

"मी धरू का काही?" दीर म्हणाला.

"हात लावू नका."

अर्ध्या इंचाचे बोल्ट बोटांनी तळापर्यंत गेले. मग कुठे तिने पाना उचलला. ऊन कलायच्या आत ट्रॉली जोडून झाली, पोती भरून झाली, आणि ती वर चढून बसली.

सासूबाई ट्रॅक्टरजवळ आल्या. आवाज अगदी खाली आला होता. "उद्यापासून तूच चालव. पण राग गिळ आता, पोरी. परका थोडाच आहे? घरातलाच आहे तो."

"घरातलाच होता, आई," ती म्हणाली. "म्हणून तर एकही बोल्ट न तपासता मी वर बसले होते."

आणि तिने गिअर टाकला.