वीतभर लांब गादी

कापसाला भाव नाही म्हटल्यावर खेड्यातलं गिऱ्हाईक गादीवाल्याकडे फिरकेनासं झालं. पुसदच्या रहेमानभाईंचं दुकान चालायचं ते फक्त जूनमध्ये, नोकरदारांची पोरं अमरावती-नागपूरच्या होस्टेलला निघाली की. साऱ्यांच्या पोरांना त्यांनी गाद्या भरून मोठ्या हौसेनं शिकायला धाडलं, आणि स्वतःच्या रुबीनाला मात्र नाही म्हणून बसले. पोरीचा अमरावतीला सरकारी नर्सिंगला नंबर लागला होता, होस्टेलही फुकट. पण ती गेली तर गाद्यांना टाके कोण घालणार? पगारी माणूस ठेवायची ऐपत नव्हती. भाईंना याचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ते खेकसायचे.

तहसीलमधल्या रजनीबाई त्यांच्या लेकीसाठी, ऋचासाठी, गादी सांगायला आल्या. भाई मापाची पट्टी मानत नसत. ज्याची गादी त्यानं कापडावर आडवं व्हायचं, मगच कात्री.

"ऋचा क्लासला गेली. रुबीना तिच्याच उंचीची आहे, हिच्यावरच घ्या माप."

रुबीना आडवी झाली. खडूची रेघ ओढून झाली तरी ती उठेना.

"काहून उठून नाही राह्यली, बेटा?"

"पाहून राह्यली अब्बा, कसं वाटते ते."

भाईंनी कात्री हातात घेतली. 

दोन दिवसांनी रजनीबाई गादी न्यायला आल्या आणि हसतच सुटल्या. "भाई, एवढी उंच आमची पोर या जन्मात होत नाही!"

गादी चांगली वीतभर लांब झाली होती. रुईही सढळ हातानं भरलेली. भाई खजील झाले. "माप कसं चुकलं, समजत नाही ताई."

आतून भाईंची बायको सुग्राबी बाहेर आल्या. "चुकलं कुठं? पोरीचे पाय उघडे पडतीन म्हून बापानं जास्तीचं कापड धरलं. ते रुबीनाचीच गादी हाय."

"अन् टाके?" भाई खेकसले.

"मी घालतो ना!" सुग्राबी म्हणाल्या.

"तुले सुई तरी दिसते काय?"

"मोठे मोठे घालीन!"

रुबीना दारातच उभी होती, ओढणीचं टोक मुठीत आवळून. भाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना 'नाही' म्हणवेना. त्यांनी सुतळी उचलली.

"ताई, तुमच्या गादीले अजून दोन दिवस लागतीन," ते म्हणाले. "पहिले हे बांधू द्या. आमच्या पोरीले सकाळची गाडी हाय."