रिकामा डबा

दमयंतीबाईंना काही हवंसं वाटलं की त्यांच्या घराला एक खोली वाढायची, आणि ती नेमकी त्यांच्या आणि बाहेरच्या दाराच्या मध्ये. मिक्सर हवासा वाटला, खोली. पलंग हवासा वाटला, आणखी एक. वस्तू मात्र कधी यायची नाही, नुसत्या ओल्या चुन्याच्या भिंती. अख्ख्या चिपळुणात एवढं लांबलचक घर नव्हतं, आणि राहायला माणूस एक!

दुपारी बेल वाजली.

"काकू, मी हेमलता! माझा डबा द्या हो!"

शेजारच्या हेमलताने परवा ओल्या काजूंची उसळ दिली होती. डबा घासूनपुसून तयार होता, पण रिकामा परत द्यायचा? असलं कधी केलं नव्हतं बाईंनी. मूठभर साखर तरी हवी होती, असं मनात आलं मात्र, झाली खोली!

"थांब गं, आलेच!" म्हणत त्या डबा घेऊन निघाल्या. फरशी गार लागली, चपला हव्याशा वाटल्या. खोली. कुणीतरी हात धरायला हवं होतं. खोली. दार ठिपक्याएवढं दिसायला लागलं.

"रिकामाच द्या, काकू! सामान भरून झालंय, आम्ही निघालो पनवेलला, कायमचे!"

ही गेली तर बेल वाजवणारं कोण उरलं? त्या मटकन खाली बसल्या आणि एकेक गोष्ट मनातून काढू लागल्या. मेली ती साखर. चपला नकोत. मिक्सर कशाला, पाटा काय वाईट आहे? खोल्या भराभर मिटत गेल्या. देवाघरी गेलेले यजमान परत यावेत, हेही सोडलं. तेव्हा मात्र बाई हमसून हमसून रडल्या, आणि सगळ्यांत मोठी खोली गेली.

दार समोर आलं. पलीकडे हेमलताच्या बांगड्या वाजत होत्या. बाईंनी हात पुढे केला, तर कडी वीतभर लांब राहिली. त्या पुढे सरकल्या, दार तेवढंच मागे सरकलं.

कशाची वीत उरलीय, ते त्यांना ठाऊक होतं. हेमलताने आत यावं, बसावं, घोटभर चहा घ्यावा. एवढंही सोडलं की कडी हाताला लागणार होती. पण मग दार उघडायचं कुणासाठी?

"काकू, येताय ना?"

"आले गं, आले," बाई हात तसाच लांब करून म्हणाल्या.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, आणि कडी हातभर मागे गेली.