खोडलेलं मीठ

"पण ते तिथंच असतात ना! मग खोडायचं कसं?"

शेरिलनं पेन्सिल माझ्या जेवणाच्या ट्रेवर आपटली. सूप हिंदकळलं. बिचाऱ्या सुपाला तेवढाच काय तो जोर. डॉक्टरांनी माझ्या ट्रेवरचं मीठ कधीच खोडून टाकलं होतं.

शेरिल व्हानेक आमच्या वृद्धाश्रमातली मदतनीस. वय सेहेचाळीस, गुडघे साठीचे. म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्यात, धुण्या-पुसण्यात निम्मं आयुष्य गेल्यावर बाईंना नर्स व्हायचं होतं. वाटेत एकच धोंड, कॉलेजातलं प्राथमिक रसायनशास्त्र. मागच्या खेपेला ती त्यात आपटली होती. या खेपेला आपटली की दार कायमचं बंद. दुपारच्या सुटीत ती माझ्या खोलीत अभ्यास करायची, कारण मी झोपत नाही आणि ज्यातलं कळत नाही त्यावरही ठाम मत देतो.

"आता बघा, एमिल," म्हणून तिनं खिडकीत दोन पेले मांडले. एकात हिवाळ्यात बर्फ वितळवायला पायरीवर टाकतात ते कॅल्शियम क्लोराइडचे खडे विरघळवले, दुसऱ्यात धुलाईखोलीतला धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही पाणी काचेसारखं. एकात दुसरं ओतलं मात्र, दूध नासावं तसं पांढरं फुटलं.

"हा साका. कॅल्शियम आणि कार्बोनेट यांनी एकमेकांना धरलं, खडू झाला, तळाशी बसला. सर म्हणतात, समीकरणात एवढंच लिहा. सोडियम आणि क्लोराइड नुसते बघे. दोन्ही बाजूंनी खोडा."

"मग खोड की!"

"अहो, त्या पाण्यातच आहेत ते! काही केलं नाही म्हणून नावच काढून टाकायचं?"

हे कुठून येतंय ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे पाळी बदलताना मदतनीस व्हरांड्यात उभ्या राहून खोल्यांची उजळणी करतात. "नऊ नंबर, ताप. दहा, पडली. अकरा, काही नाही." अकरा म्हणजे मी. शेरिलनं मात्र माझं असं कधी उरकलं नाही. "अकरा, एमिलनी मिसिसिपीतल्या माशाची गोष्ट सांगितली. मासा कालच्यापेक्षा हातभर वाढलाय." बाकीच्या हसायच्या. मी दाराआड ऐकत असायचो आणि दुसऱ्या दिवशी मासा आणखी वाढवायचो.

"अगं, लग्न आठव," मी म्हटलं. "फोटो कुणाचा? नवरा-नवरीचा. आम्ही शंभर जण कोंबडी खातो, पोल्का नाचतो, आणि आलो तसे घरी जातो. फोटोत नाही म्हणून आम्ही जेवलो नाही असं कुणी म्हणतं का? आले तसे गेले म्हणून खोडायचं. मेले म्हणून नव्हे."

"सरांनी असं सांगितलं असतं तर मी मागच्या वर्षीच पास झाले असते."

"सर माझ्याएवढे थापाडे नसतील."

तिनं ते पांढरं पाणी कॉफीच्या कागदातून गाळलं आणि खाली आलेलं नितळ पाणी बशीत ओतून बशी खिडकीत ठेवली. "बघूच, असतात का."

परीक्षेच्या दिवशी मी तिथं नव्हतो. पण जे होते त्यांच्याहून मला जास्त दिसलं. प्रत्येकाला सोडियमच्या कुठल्यातरी क्षाराचा एक अनोळखी नमुना. त्यात थेंब टाकायचे, काय खाली बसतं ते पाहायचं आणि निव्वळ आयनांचं, म्हणजे बघे खोडलेलं, समीकरण लिहायचं. शेरिलनं आधी काय करावं? परीक्षानळी नळाखाली खसाखसा धुतली! आजारी माणसाचा पेला धुवायची सवय. मग थोडा नमुना ओतून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि नळीत धुक्यासारखं पांढरं उतरलं. तिला हायसं वाटलं. पांढरं आलं, म्हणजे क्लोराइड, म्हणजे लिहायला काहीतरी आहे. पेन टेकवलं.

आणि तिला माझी थाप आठवली. आमच्या गावचं पाणी इतकं जड, इतकं जड, की पुरात शेजाऱ्याची गाय त्यावरून चालत पलीकडे गेली आणि खूरसुद्धा भिजले नाहीत.

जड म्हणजे क्षारांनी भरलेलं. तिनं नळाकडे पाहिलं. दुसऱ्या नळीत नुसतं नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकला. तेच धुकं.

मग तिसरी नळी डिस्टिल्ड पाण्यानं विसळली आणि उरलासुरला नमुना त्यात ओतला. एक थेंब, काही नाही. दुसऱ्या बाटलीतला थेंब, काही नाही. आजूबाजूला सगळ्यांच्या नळ्यांत पांढरं साचलेलं आणि हिची नळी माझ्या चष्म्याहून स्वच्छ! अशा वेळी माणूस आणखी चार थेंब ओततो, नळी उजेडात धरतो, नसलेला ढग पाहतो. शेरिलनं नळी खाली ठेवली.

"सर, माझ्यात काहीच बसलं नाही."

"नक्की?"

"नक्की. आधी पांढरं आलं होतं, पण ते आमच्या नळाचं होतं."

संध्याकाळी ती कोट न काढताच माझ्या खोलीत आली. बोटांची टोकं काळी पडायला लागली होती. सिल्व्हर नायट्रेटचा डाग आठवडाभर निघत नाही म्हणे.

"पास!"

"आणि लिहिलंस काय?"

"सगळ्यांची नावं लिहिली. सोडियम, चांदी, नायट्रेट, एकेकाचं, दोन्ही बाजूंना. मग एकेकाला खोडलं. खाली काही उरलं नाही."

"जड गेलं?"

"आधी लिहिलं होतं ना," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती डे मॉइनला नर्सिंगला गेली. जायच्या दिवशी बशी उचलून पाहिली. पाणी कधीच उडालं होतं. कडेनं बारीक पांढरे कण चमकत होते.

"आहेत बघा!" ती म्हणाली. मग डोळे वटारले. "खाऊ नका हं. रक्तदाब वाढेल."

"मी कधी खोटं बोललोय?"

त्या संध्याकाळी व्हरांड्यात नव्या मुलीनं उजळणी केली. "नऊ, झोपलीय. दहा, औषध दिलंय. अकरा, काही नाही."

सूप आलं. मी बशी जवळ ओढली. एक कण बोटावर घेऊन जिभेला लावला. थोडा साबणासारखा, पण खारट. सुपात नाही टाकलं. बाकीचं तसंच कॉफीच्या कागदाखाली झाकून खिडकीत ठेवलं आणि अळणी सूप प्यालो.