कुंकवाचं बोट

माझे सासरे तरुणपणी कंपनीच्या ट्रेनिंगला अमेरिकेत गेले, तेव्हा येताना त्यांनी बेसबॉलपटूंची कार्डं आणली. दर दसऱ्याला पाना-पक्कडींशेजारी ते ती कार्डंही पूजेत मांडायचे आणि लाडक्या कार्डाच्या कोपऱ्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवायचे.

ते गेल्यावर माझ्या नवऱ्याने, गौरांगने, ती कार्डं जर्मनीत, हॅनोव्हरला आमच्या घरी आणली. "ग्रेडिंग करून घेऊ. तज्ज्ञ तपासून दर्जा ठरवतात. बाबांची आठवण नीट जपली जाईल," म्हणाला. पहिलीच वेळ, पण हा कुणाला विचारेल तर शपथ! मी किचनमधून आले, तर याच्या हातातला ओला कापूस गुलाबी झालेला.

"अरे, काय केलंस हे?"

"डाग होता गं. ग्रेड कमी झाली असती."

ग्रेडिंगला पाठवलेलं ते कार्ड महिन्याभराने कडक प्लास्टिकमध्ये बंद होऊन परत आलं. लेबलवर ग्रेड नव्हतीच. कार्ड घासलंय, म्हणून नाकारलं होतं. डाग तसाच ठेवला असता तर कमी का होईना, ग्रेड मिळाली असती, असं त्यांनी मेलवर कळवलं.

दसऱ्याला मी ते तसंच पाटावर मांडलं. आमच्या लेकीने, अन्वीने, कोपरा निरखून पाहिला आणि जर्मनमध्ये बापाला विचारलं, "आजोबांचं बोट कुठे गेलं?"

गौरांगने कुंकू कालवलं आणि त्याच कोपऱ्यावर बोट टेकवलं. प्लास्टिकवर ते धरेना, ओघळून पाटावर आलं. त्याने पुसलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा ओघळलं.

मला खूप बोलायचं होतं त्याला. मी वाटीत आणखी कुंकू कालवून दिलं.